पिशवी बघा, दाढी नको

उधन्याहून भुसावळकडे निघालेली गाडी. डबा गच्च भरलेला. सुरतेतल्या लिंबायत-डिंडोलीची निम्मी माणसं लग्नसराईसाठी खानदेशात चाललेली. बाकाखाली एक काळी बॅग आणि तिचा धनी जागेवर नाही. समोर दाढी-टोपीवाले एक चाचा बसलेले. अख्ख्या डब्याची नजर चाचांच्या तोंडावर, बॅगेकडे कोणी बघेना. शेवटी चाचांनीच आवाज दिला, "हाई बॅग कोनी शे?" तेवढ्यात बॅगवाला पाण्याची बाटली भरून आला आणि विषय मिटला.

त्या डब्यात सावध माणूस एकच होता, आणि बाकीचे सगळे त्याच्यावरच पाळत ठेवून होते.

स्टेशनवर दिवसभर सांगत असतात, बेवारस वस्तू दिसली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. सूचना वस्तूबद्दल आहे. आडनाव, टोपी, बुरखा यांचं त्यात नावही नाही. ही सूचना सुरतेइतकी दुसऱ्या कोणत्या शहराला कळायला हवी?

26 जुलै 2008 ला अहमदाबादेत स्फोटांची मालिका झाली. 56 माणसं गेली. जखमींना घेऊन धावलेल्यांवर सिव्हिल हॉस्पिटलच्या दारात दुसरा घाला पडला. दुसऱ्याच दिवशी सुरतेत स्फोटकं भरलेल्या गाड्या सापडल्या. 29 जुलैला तर एका दिवसात 18 जिवंत बॉम्ब मिळाले, बहुतेक वराछात, हिरे घासणाऱ्यांच्या वस्तीत. कुठे झाडाला टांगलेले, कुठे जाहिरातीच्या फलकामागे दडवलेले. सर्किटात दोष होता म्हणून ते फुटले नाहीत. लोकांनी मान वर करून पाहिलं, खोकं ओळखलं, पोलिसांना सांगितलं, म्हणून ते वेळेत निकामी झाले. झाडावरच्या खोक्याला चेहरा नसतो. ते दिसतं ते रोजचं झाड ओळखीचं असलेल्याला.

आता याच सुरतेतली दुसरी गोष्ट. डिसेंबर 2001. संसदेवरच्या हल्ल्याला पंधरवडा झालेला. सगरामपुऱ्यातल्या एका सभागृहात अल्पसंख्याकांच्या शिक्षणावर चर्चासत्र होतं. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतून लोक आले होते. पोलिसांनी 127 जणांना उचललं. आरोप काय, तर बंदी घातलेल्या 'सिमी' या संघटनेची ही बैठक आहे. महिनोन् महिने तुरुंग, मग जामीन, मग तारखांमागून तारखा. 6 मार्च 2021 रोजी सुरतच्या न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. हे लोक 'सिमी'चे होते, असा विश्वासार्ह पुरावाच सरकारी पक्षाला देता आला नाही. निकाल ऐकायला पाच जण जिवंत नव्हते.

एकोणीस वर्षं! एवढी वर्षं पोलीस, वकील, न्यायालय सगळे त्यात अडकले. कोणाच्या नोकऱ्या गेल्या, कोणाच्या मुलींची लग्नं अडली असतील, ते कोणत्याही निकालपत्रात येत नाही. आणि सुरत त्यामुळे एका इंचानेही सुरक्षित झाली नाही. सात वर्षांनी बॉम्ब टांगणारे आले, ते टांगून गेले.

"पण 2008 च्या स्फोटांच्या खटल्यात दोषी कोण ठरले ते सांगा ना!" हा प्रश्न येणारच, आणि त्याला बगल देण्याचं कारण नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये विशेष न्यायालयाने 49 जणांना दोषी ठरवलं, 38 जणांना फाशी सुनावली. धर्माच्या नावाने माणसं मारणारी ती टोळी होती, तिची गय नकोच. मात्र गुन्ह्यातल्या गाड्या नवी मुंबईतून चोरलेल्या होत्या. असे धागे चिकाटीने ओढले तर गुन्हेगार सापडतो, मोहल्ला घेरून सापडत नाही. त्याच न्यायालयाने त्याच निकालात 28 जणांना सोडलं, हेही तेवढ्याच मोठ्याने सांगा.

चेहऱ्यावर विसंबणाऱ्यांना अतिरेकी सहज चकवतो. मे 1972 मध्ये इस्रायलच्या लोद विमानतळावर पहारा अरबांवर होता. विमानातून तीन जपानी तरुण उतरले, सामानातून बंदुका काढल्या आणि 26 जीव घेतले. आपलं मालेगाव आठवा. 2006 च्या स्फोटांनंतर नऊ मुस्लिम तरुणांना पकडलं, 2016 मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. स्फोट कब्रस्तानाजवळ, मेलेले या तरुणांच्याच गल्लीतले, आणि आरोपी म्हणून पकडलेही त्यांनाच!

चेहरा बघून संशय घेण्याचा दुसरा तोटा तर सरळ आहे. एखाद्या वस्तीत काही शिजत असेल तर ते आधी त्याच वस्तीला कळतं. तिथल्या माणसाला चौकीची पायरी चढताना आपलीच उलटतपासणी होईल अशी धास्ती वाटली, तर तो गप्प बसेल. मग खबर देणार कोण?

म्हणून एवढं करा. गाडीत बसलात की आधी बाकाखाली बघा. बेवारस पिशवी, दिवसेंदिवस उभी असलेली अनोळखी गाडी, फलकामागचं खोकं दिसलं तर लांब व्हा आणि 112 लावा, रेल्वेत असाल तर 139. जागा सांगा, वेळ सांगा, गाडीचा नंबर सांगा. "माणूस तसलाच वाटत होता" हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. त्या वाक्याने सुरतेत आजवर एकही बॉम्ब सापडलेला नाही.