मूठ नसलेला स्विच

सबस्टेशनच्या जुन्या पॅनेलवर टीएनसी नावाचा एक स्विच असतो. ट्रिप, न्यूट्रल, क्लोज. पिस्तुलाच्या दस्त्यासारखी काळी मूठ. उजवीकडे फिरवली की ब्रेकर लागतो, डावीकडे फिरवली की उघडतो, आणि हात काढला की स्प्रिंगच्या जोरावर ती आपली परत मधोमध. बाहेर यार्डात धाडकन आवाज होतो, तेव्हा फिरवणाऱ्याला २२० केव्हीची सगळी ताकद आपल्याच मनगटात आहे असं उगीच वाटतं. नोकरीला नवा होतो तेव्हा त्या आवाजानंतर मी कॉलर नीट करायचो.

नवख्या माणसाला तिथले दिवे उलटे वाटतात. लाल म्हणजे लाइन चालू, हिरवा म्हणजे बंद. आमचे एक ज्येष्ठ ऑपरेटर होते, सगळ्यांचे काका. ते म्हणायचे, "चालू तार जीव घेते, बंद तार नाही. मग लाल कुणाला द्यायचा?" तिसरा दिवा पिवळा. लाइन आपणहून उडाली, एवढंच तो सांगतो. पण आपणहून उडाली हे कळतं कसं? ब्रेकरला विचारून उपयोग नाही. तो हाताने उघडलेला असो की दोष हेरणाऱ्या रिलेने, दिसायला सारखाच. साक्ष देतो तो स्विच. मूठ मध्ये आली तरी त्याच्या पोटातला एक कॉन्टॅक्ट शेवटचा हुकूम धरून बसलेला असतो. हुकूम 'लाव' असा होता आणि ब्रेकर तर उघडा आहे, म्हणजे हे काम आपल्यापैकी कुणाचं नाही. लागला पिवळा दिवा. आमच्या घरी फुटलेल्या कपाची चौकशी इतकी चोख कधी झालेली नाही.

मग न्यूमरिकल रिले आले. पूर्वी एकेका कामाला एकेक रिले, भिंतभर पॅनेल आणि त्यामागे वायरींचं जंगल. आता एका खोक्यात सगळं, वर डझनभर स्विच फुकट. त्यांना म्हणायचं व्हर्च्युअल स्विच. आमच्या धंद्यात नावापेक्षा नंबर जास्त चालतो: ब्रेकर ५२, लॉकआउट ८६, निवडीचा स्विच ४३. रिले बसवायला आलेला मुलगा लॅपटॉप मांडीवर घेऊन सांगत होता.

"काका, तुमचा त्रेचाळीस आता आत गेला."

"आत म्हणजे कुठे?"

"लॉजिकमध्ये."

काकांनी उठून पॅनेलचं मागचं दार उघडून पाहिलं.

मुलाचं चुकलं नव्हतं. वायर ओढायला नको, भोक पाडायला नको, कॉन्टॅक्टवर गंज नाही. 'आणि', 'किंवा', 'नाही' एवढ्या तीन शब्दांत सगळी जोडणी. स्वभावही आपण ठरवायचा: एखादा स्विच लावला की लागलेलाच राहतो, एखादा दारावरच्या घंटीसारखा, दाबला तेवढ्यापुरता. आणि रिलेची डीसी गेली, पुन्हा आली, तरी लावलेला स्विच लागलेलाच. त्यासाठी त्याची स्थिती खास जपून ठेवलेली असते. जुन्या त्रेचाळीसच्या बॅकेलाइटच्या मुठीला यातलं काही करावं लागत नव्हतं. ती नुसती वळलेली राहायची. तिची नक्कल करायला केवढी हुशारी खर्ची पडली!

घोळ झाला तो ऑटो रिक्लोजमुळे. वीज पडून किंवा फांदी घासून लाइन उडाली, तर बहुतेक वेळा दोष क्षणभराचा असतो. म्हणून रिले सेकंदभर दम धरतो आणि लाइन आपली आपण पुन्हा लावतो. मात्र हॉटलाइनची माणसं चालू तारेवर काम करत असली, की ही सोय बंद करायची. कारण तिथे काही विपरीत घडून लाइन उडालीच, तर तिने चुकूनही परत येऊ नये. एकदा अशाच कामासाठी आम्ही मेनूत शिरून, पासवर्ड देऊन तिचा व्हर्च्युअल स्विच बंद केला. काम संपलं, चहा झाला, गाडी गेली. चौथ्या दिवशी वळवाचा पाऊस आला, लाइन उडाली आणि उडालेलीच राहिली. अर्धा तास आम्ही दोष शोधत होतो. दोष पाचव्या मेनूत शांत बसला होता.

जुना स्विच असता तर? चार दिवसांत निदान दहा जण त्या पॅनेलसमोरून गेले असते. सगळ्या मुठी सरळ, एकच वाकडी, कुणीतरी विचारलंच असतं, "ही अशी का?" करंट वळवणं हे स्विचचं अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं, चारचौघांच्या डोळ्यांना खुपणं.

आई पदराला गाठ मारायची. गॅसचा नंबर लावायचा, मावशीला पत्र टाकायचं, असं काहीतरी. संध्याकाळपर्यंत कारण ती स्वतःच विसरायची आणि घरभर विचारत फिरायची, "अरे, ही गाठ कशाची?" पण गाठ दिसायची, म्हणून प्रश्न निघायचा, आणि कुणाला ना कुणाला आठवायचं.

पुढच्याच आठवड्यात आम्ही ऑटो रिक्लोजचा तो स्विच रिलेच्या तोंडावरच्या एका दिव्याला जोडला. लॉजिकमध्ये एक ओळ, पाच मिनिटांचं काम. स्विच किती वाजता फिरला हे रिले मिलिसेकंदापर्यंत नोंदवतो. का फिरला, ते मात्र त्याला ठाऊक नसतं. ती जबाबदारी काकांनी घेतली. दिव्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'हा दिवा पेटला असेल तर कुणाला तरी विचारा.'