वाजवायची यामाहा

जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार म्हणजे साधारण 1960 ते 1985 या काळातला माल. त्यात दोन पिढ्या आहेत. पहिली तेइस्को आणि गुयाटोन या कंपन्यांची. या गिटारींवर बटणं भरपूर असतात. त्यातली निम्मी कशासाठी आहेत, हे वाजवणाऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही आणि त्यावाचून त्याचं अडतही नाही.

दुसरी पिढी 1970 नंतरची. इबानेझ, ग्रेको, टोकाई या नावांनी अमेरिकेच्या गिब्सन आणि फेंडर गिटारींच्या नकला निघाल्या आणि त्या इतक्या नेटक्या निघाल्या की अस्सलवाले धास्तावले. 1977 मध्ये गिब्सनची मालक नॉर्लिन कंपनी इबानेझच्या अमेरिकी वितरकाविरुद्ध फिलाडेल्फियाच्या कोर्टात गेली. वाद लाकडाचा किंवा आवाजाचा नव्हता, गिटारच्या शेंड्याच्या आकाराचा होता. आणि तो आकार इबानेझने आधीच बदलला होता. प्रकरण आपसात मिटलं. फेंडरने निराळी वाट धरली. 1982 मध्ये फेंडर जपान ही कंपनी निघाली आणि मात्सुमोतोच्या ज्या फुजिगेन कारखान्यातून नकला बाहेर पडत, त्यालाच अस्सल बनवण्याचं काम मिळालं.

गिब्सनच्या त्या दाव्यापासून विक्रेते त्या काळातल्या कोणत्याही नकलेला ‘लॉसूट गिटार’ म्हणतात. दावा एकट्या इबानेझपुरता होता, पण मान सगळी भावकी घेते. खानदेशात कोर्टात अडकलेल्या जमिनीला गिऱ्हाईक मिळत नाही. कोर्टात अडकलेल्या गिटारला मात्र चढा भाव मिळतो. खरेदीदाराने या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नयेत.

जळगाव किंवा धुळ्यात ‘जुनी यामाहा’ विचारणाऱ्याला लोक आधी आरएक्स 100 ही मोटारसायकल दाखवतात. त्यांचं फारसं चुकत नाही. गिटारवरचा तीन स्वरकाट्यांचा शिक्का मोटारसायकलच्या टाकीवरही असतो, कारण तोराकुसु यामाहांनी 1887 मध्ये सुरुवात केली ती बाजाची पेटी दुरुस्त करण्यापासून. दुचाकी 1955 मध्ये आली. आरएक्स 100 भारतात 1996 मध्ये बंद झाली, आणि आज चांगल्या अवस्थेतली गाडी नवी होती त्यापेक्षा महाग विकली जाते. तेव्हा जुन्या जपानी मालापायी शहाणी माणसं काय करतात, हे खानदेशाला नव्याने सांगावं लागत नाही. गिटारमधली आरएक्स 100 म्हणजे 1976 ची एसजी 2000. ती गिटारवादक कार्लोस सान्तानाने वाजवली, आणि तिचा भाव त्यानेच वाढवला असं मानायला हरकत नाही.

इथल्या वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, ढोलकी आणि कॅसिओ मिळतो. यामाहाच्या कीबोर्डलाही कॅसिओच म्हणायची रीत आहे. जुनी गिटार बहुधा मुंबईहून येते. जळगावला ती थेट रेल्वेने उतरते, धुळेकराला चाळीसगावचा फाटा आठवतो. गिटार घरी पोचली की शेजारी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: “हाई कितलाले शे, भाऊ?” खरी किंमत सांगण्याचा प्रघात नाही.

विकत घेताना रंग पाहू नये, दांडी पाहावी. गिटारवाले तिला नेक म्हणतात. बुडाकडून डोळा लावून ती सरळ आहे का, आतली लोखंडी सळई फिरते का, दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट किती झिजलेत, एवढं कळलं की निम्मा व्यवहार झाला. जळगावात मे महिन्यात पारा 44-45 अंशांच्या घरात जातो. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन बोटांना टोचतात; जुलैत तेच लाकूड पुन्हा फुगतं. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली गिटार दोन उन्हाळ्यांत धनुष्य होते.

मग सुधारणा सुरू होतात, म्हणजे खर्च सुरू होतो. तारांच्या खुंट्या, आवाजाची बटणं आणि सॉकेट बदलणं सोपं. टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही कारागीर ते करून देतो. खरी पंचाईत तारांचं कंपन विजेत बदलणाऱ्या पिकअपची. लोहचुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात आणि तार माणसाच्या केसाइतकी बारीक, सुमारे 0.06 मिलिमीटरची असते. विहिरीच्या मोटारी भरून देणारे खानदेशात गावोगाव आहेत, पण पिकअप हातात घेऊन ते आधी हॉर्सपॉवर विचारतात. एका गुंडाळीचा पिकअप विजेची 50 हर्ट्झची गुणगुणही उचलतो. ती मारायला गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन गुंडाळ्यांचा पिकअप काढला. लग्नाच्या वरातीत जनरेटरशेजारी उभं राहायचं असेल तर तोच बसवावा. सोबत जपानी ॲम्प्लिफायर आला असेल तर तो 100 व्होल्टचा असतो. आपल्या 230 व्होल्टवर थेट लावला, तर आतषबाजी वरातीच्या आधीच होते. ट्रान्सफॉर्मर घ्यावाच लागतो.

विजेवरचं जपानी तारवाद्य महाराष्ट्राला नवं नाही, ही गोष्ट गिटारवाले विसरतात. 1912 मध्ये नागोयाच्या मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा तारांवर बसवून ताइशोगोतो बनवलं. इबानेझवाल्यांचं गावही नागोयाच. तेच वाद्य भारतात बुलबुल तरंग झालं, त्याला पिकअप लागला आणि मिरवणुकीतला बँजो तयार झाला. 2016 मध्ये रवी जाधव यांनी त्यावर हिंदी चित्रपटही काढला. बँजोवाला साल विचारत नाही, शिक्का पाहत नाही. कळ अडकली की बदलतो आणि पुढच्या चौकात वाजवतो. बँजोला कोणी व्हिंटेज म्हणालेलं नाही, म्हणून तो अजून परवडतो.

गिटारच हवी असेल, तर दांडी सरळ असलेली घ्यावी, शेंड्यावरचं नाव कोणतंही असो. आणि काढलेला मूळ पिकअप भंगारात देऊ नये. गिटार विकायची वेळ आली की गिऱ्हाईक आधी तोच मागतं.