दोन नोकऱ्यांमधला चातुर्मास

एक नोकरी सुटून दुसरी लागेपर्यंतचा जो काळ हाती येतो त्याचं काय करावं, याबद्दल माझं मत ठाम आहे: काही करू नये. मत आळशी माणसाचं आहे, हे कबूल. पण आंब्याबद्दलचं मत आपण आंबा खाणाऱ्यालाच विचारतो. सल्ले मात्र उलटेच मिळतात. कोर्स करा, सर्टिफिकेट मिळवा, पहाटे पाचला उठा, जिम लावा, ‘स्वतःवर काम करा’. म्हणजे एक साहेब सोडून आलेल्या माणसाने ताबडतोब दुसरा नेमायचा, आणि तोही असा की जो संध्याकाळी घरी जात नाही, कारण तो आपल्याच घरी राहतो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आपण रिकामपणाची निंदा म्हणून वापरतो. नीट पाहिलं तर तो न्हावी रिकामपणाने बिघडलेलाच नाही. धंद्याची सवय सुटेना म्हणून तो भिंतीचं रक्त काढायला निघाला आहे. त्याला कोणीतरी ‘अरे, जरा बस की’ म्हणायला हवं होतं.

पण आपल्याला बसवत का नाही? कामाची आवड हे कारण सगळे देतात; मला ते पटत नाही. खरं कारण गर्व. निदान मला तरी ‘मी गेल्यावर यांचं कसं होणार’ ही चिंता पगारापेक्षा जास्त सुख देते. आयटीतल्या बऱ्याच कंपन्यांत नोटीस पीरियड ९० दिवसांचा असतो. सोडायलाच इतका वेळ लागतो, म्हणजे आपल्या डोक्यात केवढं ज्ञान साठलं असणार, या विचाराने छाती फुगते. मग हँडओव्हरची फाइल लिहायला घ्यावी, तर आपली अपरिहार्यता दीड पानात आटोपते, आणि त्यातलं अर्धं पान पासवर्ड असतात. पुढच्या सोमवारी ऑफिस उघडतं, लिफ्ट चालते, चहा येतो, आणि आपला फोन वाजत नाही. हा अपमान पचायला वेळ लागतो. मधला काळ मुळात त्यासाठीच आहे, असं माझं म्हणणं आहे. शुक्रवारी एकीकडून निघून सोमवारी दुसरीकडे रुजू होणारा माणूस आपला गर्व न उतरवताच नव्या खुर्चीत बसतो, आणि मग ‘आमच्या जुन्या कंपनीत असं नव्हतं’ हे वाक्य तिथल्या निरपराध लोकांना वर्षभर ऐकावं लागतं.

या मताला आधार खुद्द देवाचा आहे. आषाढ शुद्ध एकादशीला विष्णू झोपतो तो कार्तिक शुद्ध एकादशीला उठतो. विश्वाच्या पालनाचं खातं ज्याच्याकडे, तो सलग चार महिने रजेवर. आणि मधे अधिक महिना आला, जसा २०२३ साली श्रावण आला होता, तर पाच. या काळात त्याच्या नावावर एकच हालचाल नोंदलेली आहे: भाद्रपद शुद्ध एकादशीला तो कूस बदलतो. त्या कुशीचीसुद्धा परिवर्तिनी एकादशी झाली. आपण दुपारी कूस बदलली तर ‘उठलायस ना, मग दळण टाकून ये’ असं होतं. निरोपाची पार्टीही या व्यवस्थेत आहे. पुढे चार महिने कांदा वर्ज्य, म्हणून आधी कांदेनवमी आणि भज्यांचे घाणे. लग्नं थांबतात, म्हणजे डेडलाइनही गोठल्या. एकभुक्त राहणं, वांगं सोडणं, पोथी लावणं ही सगळी कामं भक्तांकडे सोपवलेली. याहून चोख हँडओव्हर मला माहीत नाही. शेवटच्या दिवसांची धावपळ पाहायची तर पंढरपूरला जावं. वारीच्या गर्दीसाठी विठोबाचा पलंग काढतात, दर्शन चोवीस तास चालू ठेवतात, आणि प्रक्षाळपूजा होईपर्यंत देवाला विश्रांती नाही. म्हणजे ज्या एकादशीला तो क्षीरसागरात झोपी जातो, त्याच एकादशीला पंढरीत अहोरात्र उभा असतो. रजेआधीचा ओव्हरटाइम त्यालाही चुकलेला नाही. मात्र कार्तिकात जाग आल्यावर ‘मधल्या काळात नवीन काय शिकलात?’ असं त्याला कोणी विचारत नाही. उलट तुळशीशी लग्न लावून देतात.

देवाचं ठीक आहे, असं कोणी म्हणेल. शेषशायीच्या पायाशी साक्षात लक्ष्मी बसलेली असते, आमच्या पायाशी गृहकर्जाचा हप्ता. आक्षेप रास्त आहे, म्हणून माणसांचा दाखला घेऊ. मराठी फौजा पावसाळ्यात मोहिमा थांबवत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा निघत. अशाच एका पावसाळ्याच्या तोंडावर चिपळूण भागातल्या छावणीच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना शिवाजी महाराजांचं पत्र गेलं. त्यात भर आहे तो दाण्यावर आणि गवतावर. आत्ताच बेफाम उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही आणि घोडी मरतील. दिवे तसेच ठेवून झोपाल तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवत जळेल. विचार उंदरापर्यंत पोचलेला आहे! तेव्हा काही न करण्याआधी एक काम करावंच लागतं: वैरण मोजणं. काही महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा, आणि ऑफिसचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो हे ध्यानात ठेवून स्वतःचा विमा आधी उतरवावा. आपल्या छावणीतली पेटती वात बहुधा हॉस्पिटलच्या बिलाची असते.

अर्थात हा सगळा विचार ज्याने राजीनामा स्वतःहून दिला त्याच्यापुरता. १८ जानेवारी १९८२ ला गिरणगावात सुरू झालेला संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कितीतरी जणांना मधला काळ म्हणण्याजोगं काही उरलं नाही, कारण त्याच्या पलीकडचं टोकच आलं नाही. त्यांना रिकामपणाचं माहात्म्य सांगायला मी जाणार नाही.

आणि ज्यांचा हा काळ रिकामा नसतोच, त्यांच्या बाबतीत मला विनोद सुचत नाही. मूल लहान होतं म्हणून, किंवा सासूबाई अंथरुणाला खिळल्या म्हणून तीन वर्षं घरी राहिलेल्या बाईच्या अर्जावर ‘गॅप’ असा शेरा पडतो. जागरणं, औषधांच्या वेळा, डॉक्टरकडच्या खेपा, पेज, लंगोट. एवढ्या गच्च भरलेल्या दिवसांत यांना गॅप दिसते कुठे? टेबलापलीकडून ‘या काळात काय केलंत?’ असा प्रश्न आला की ती गुन्हेगारासारखी कुठल्याशा ऑनलाइन कोर्सचं नाव घेते, जो तिने मांडीवर बाळ घेऊन अर्धवट पाहिलेला असतो. त्याच खुर्चीत बसून, काहीएक न केलेला माझ्यासारखा पुरुष ‘आत्मपरीक्षण’ असं गंभीरपणे म्हणतो, आणि समोरचे माना डोलावून लिहून घेतात.