बोरं, बोरू आणि सरस्वती

आमच्या धाकट्याचं बोरन्हाण दोनदा पुढे ढकललं गेलं. एकदा परीक्षेच्या धास्तीनं आणि एकदा पाट्या-वरवंट्याच्या विश्रांतीमुळे. त्याचा दोष काहीच नव्हता. तो सात महिन्यांचा होता आणि परीक्षा भलत्याच कुणाची तरी होती.

गोष्ट १९८० च्या आसपासची. वडील बँकेत होते, आणि बँकेनं त्यांना सांगलीहून उचलून थेट कलकत्त्यात नेऊन ठेवलं होतं. भवानीपुरातल्या एका जुन्या घराचा वरचा मजला आम्हाला भाड्यानं मिळाला. खाली मालकीणबाई राहत. सगळी गल्ली त्यांना माशीमा म्हणे, म्हणून आई-वडीलही म्हणत आणि मीही म्हणे. माशीमा म्हणजे मावशी. त्या मात्र आईला बौमा, म्हणजे सूनबाई म्हणत. नात्यांच्या हिशेबात कुठेतरी घोळ होता, पण भाडं वेळेवर पोचत असल्यामुळे तो कुणी काढला नाही.

संक्रांत झाली. सांगलीहून आजीनं हलव्याचे दागिने कापसात गुंडाळून, बिस्किटाच्या डब्यात घालून कुणाबरोबर तरी पाठवले. मुकुटाचे दोन काटेरी दाणे वाटेत गळले होते, ते आईनं डिंकानं चिकटवले. काळं झबलं शिवून झालं. हरभऱ्याचे घाटे काही मिळेनात, तेव्हा मटाराच्या शेंगांवर भागवायचं ठरलं. बोरांची मात्र ददात नव्हती. जदुबाबूंच्या बाजारात बोरांचे ढीग होते. गोल, आंबटढाण ती टोपा कूल आणि लांबट, गोडसर ती नारकेली कूल. आईनं दोन्ही आणली. रविवारी संध्याकाळी गल्लीतली सहा-सात मुलं बोलावली. धाकटा पाटावर बसला, म्हणजे बसवला. आईनं मापात चुरमुरे, उसाचे करवे, रेवड्या आणि बोरं कालवली आणि माप त्याच्या डोक्यावर धरलं.

इतक्यात माशीमांच्या पाचवीतल्या नातीनं मापात डोकावून पाहिलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन ती भिंतीला टेकली. तिचं पाहून बाकीचीही टेकली. खोलीच्या मधोमध काळं झबलं घातलेलं, मुकुटबिकुट चढवलेलं मूल आणि भिंतीला चिकटलेली सात मुलं. आईला वाटलं, लाजताहेत. तिनं एक बोर उचलून नातीपुढे धरलं, तर ती रडायलाच लागली.

माशीमा वर आल्या. त्यांनी माप पाहिलं, आईकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात, जणू देवी शेजारच्या खोलीत झोपली आहे अशा बेतानं म्हणाल्या, “पुजोर आगे कूल खेते नेई, बौमा.”

माघ शुद्ध पंचमीला सरस्वतीची पूजा होईपर्यंत बोर खायचं नाही. पहिलं बोर देवीचं. त्याआधी जो खाईल त्याच्यावर ती रागावते, आणि ती रागावली की काय होतं हे शाळेत जाणाऱ्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर कुणाची टाप आहे! आणि इथे आमची आई बोरांचा पाऊस पाडायला निघाली होती, तेही आपल्याच लेकराच्या डोक्यावर.

आता अशी चाल दिसली की तिच्यामागचं शास्त्रीय कारण काढणारी एक जमात आपोआप उगवते. वडील त्या जमातीचे. “माघाआधी बोरं कच्ची असतात, मुलांना खोकला होतो, म्हणून पूर्वजांनी...” वगैरे त्यांनी सुरू केलं. आईनं त्यांना मध्येच विचारलं, “मग तुमच्याकडे अक्षय्य तृतीयेआधी आंबा का खात नाहीत? आंब्यानंही खोकला होतो?” पितरांना दाखवल्याशिवाय आंब्याला हात न लावणाऱ्या घराण्यातले वडील गप्प बसले. मला वाटतं, कारण एवढंच असावं: वर्षभर वाट पाहून आलेलं फळ एकट्यानं खायचं नसतं, आधी कुणाला तरी द्यायचं असतं. आपण आंब्याला थांबतो, ते बोराला. पळसाला पानं सगळीकडे तीनच.

तेव्हा बोरन्हाण रहित झालं, आणि हलव्याचे दागिने परत डब्यात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्याखालच्या अंधारात मी माशीमांच्या नातीला पाहिलं. एका हातात मीठ, दुसऱ्या हातात बोर. आमच्याच मापातलं असणार. तिनं मला देवीची शपथ घातली. त्याच देवीची. त्या वर्षी तिचा वर्गात पहिला नंबर आला. देवीला जिन्याखालचं दिसत नसावं, किंवा मीठ लावून खाल्लेलं चालत असावं.

पंचमीचा दिवस उजाडला तेव्हा चांगली थंडी होती. वसंत म्हणावा असं हवेत काही नव्हतं. आपल्या हिशेबानं वसंत चैत्र-वैशाखात. मग माघातल्या पंचमीला वसंत पंचमी का म्हणायचं? होळीला इथून बरोबर चाळीस दिवस उरतात, म्हणजे ऋतूचं हे आगाऊ आरक्षणच म्हणायचं. मुली मात्र आरक्षणावर न थांबता वसंतात शिरल्या होत्या. सगळ्या पिवळ्या साड्यांत. त्या रंगाला तिथे नावच बासंती. सहा-सात वर्षांच्या मुलीसुद्धा आयांच्या साड्या पाचदा दुमडून, जागोजागी पिना टोचून नेसलेल्या आणि दर दहा पावलांनी अडखळत चाललेल्या.

नाक्यावर पोरांनी मांडव घातला होता. वर्गणी गोळा करण्यात सर्वांत पुढे कोण? तर जे पुस्तकापासून सर्वांत मागे. हे मी कलकत्त्यात शिकलो, पण आपल्याकडच्या गणेशोत्सवातही पडताळून पाहता येईल. मूर्ती पांढरी, हातात वीणा, पायाशी हंस. मी गोंधळलो. सांगलीच्या घरातल्या तसबिरीत सरस्वतीजवळ मोर होता. रविवर्म्यानं १८९६ साली काढलेल्या चित्रात मोर आहे, आणि आपल्याकडच्या भिंतींनी तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. मी माशीमांना विचारलं, “मोर कुठे गेला?” त्या म्हणाल्या, “मोर कार्तिकचा. तो शरदात येतो, दुर्गेबरोबर.” म्हणजे त्या घरात वाहनंसुद्धा भावंडांनी वाटून घेतलेली.

खरी टंचाई होती ती भटजींची. घरोघरी पूजा, शाळाशाळांतून पूजा, नाक्यानाक्यावर पूजा, आणि मुहूर्त सगळ्यांचा सकाळचाच. पुष्पांजलीपर्यंत मुलं उपाशी. आमच्या गल्लीत शिरलेल्या भटजींची सायकल दोन मांडवांच्या पोरांनी दोन बाजूंनी धरली होती, आणि ते बिचारे मधल्यामध्ये शेंडी सावरत उभे होते. शेवटी माशीमांनी वयाचा अधिकार वापरून त्यांना आत ओढलं.

देवीच्या पायाशी पुस्तकं ठेवायची. आणि एकदा ठेवली की त्या दिवशी वाचायचं नाही, लिहायचं नाही. अभ्यास केला तर पाप! वर्षातून एक दिवस विद्येच्या देवतेनं स्वतः दिलेली ही सूट मला इतकी पटली की मी दप्तरच नेऊन ठेवलं. पंचाईत निराळीच होती. न वाचायचं ठरवलं की डोळे चहूकडे वाचत सुटतात. आगपेटीवरची अक्षरं, पाकिटावरचा पत्ता, शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी. ट्रामची पाटी दिसली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. नातीनं धीर दिला, “ती बंगालीत आहे, तुला कुठे येतं?” अज्ञानाचा एवढा आधार मला पुढे क्वचितच मिळाला.

ज्या शहरात १९७६ पासून याच थंडीत पुस्तकमेळा भरतो आणि लोक तिथे रांगा लावतात, त्या शहरानं एक दिवस पुस्तक मिटून ठेवणं मला आज फार शहाणपणाचं वाटतं. तेव्हा फक्त सुट्टी वाटली होती. म्हणूनच २०२६ साली पंचमी नेमकी २३ जानेवारीला, नेताजींच्या जयंतीदिवशी आली, तेव्हा एका सुट्टीत दुसरी सुट्टी बुडालेली पाहून मला त्या अनोळखी मुलांसाठी कळवळून आलं.

वडिलांनीही एक पुस्तक ठेवलं. बँकेच्या सी. ए. आय. आय. बी. परीक्षेचं. तिचा एक पेपर दोन वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसला होता. शास्त्रीय कारणवाल्या माणसानं हे पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून, मुलांच्या भूगोलाखाली सरकवलं. आईनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी पुस्तकं परत आणायला मी गेलो, तर वडील म्हणाले, “माझं राहू दे आणखी दोन दिवस. घाई नाही.”

मूर्तीपुढे एक दौत होती. तीत शाईऐवजी दूध, आणि दुधात बुडवलेला बोरू. खागेर कोलोम म्हणतात त्याला, पण मी पाहताक्षणी ओळखला. आजोबांच्या कप्प्यात तसाच होता. म्हणजे बोर वर्ज्य आणि बोरू पूज्य! एका उकाराचा फरक. आणि नुसती बोराची वाट पाहत बसलं तर मराठीत होणारं बोर ते निराळंच. मी पुढे लिहिण्याच्या नादी लागून बोरूबहाद्दर झालो, त्याला तो उकार जबाबदार आहे की जिन्याखाली मला मिळालेलं अर्धं बोर, हे सांगता येत नाही. हो, मलाही मिळालं होतं. गप्प राहण्याचं.

मग माशीमांच्या चार वर्षांच्या नातवाची हातेखोडी झाली. हातात खडू घेऊन पहिलं अक्षर गिरवायचं. भटजींना पुढची घरं दिसत होती. त्यांनी मुलाची मूठ आपल्या मुठीत धरून पाटीवर असा काही ‘अ’ काढला की मुलाला अक्षरापेक्षा मूठच जास्त लक्षात राहिली असेल. तो कळवळून ओरडला. बायकांनी शंख वाजवले. विद्यासागरांचं ‘वर्णपरिचय’, १८५५ सालचं, त्याच्या पुढ्यात ठेवलं गेलं. त्यानं त्याचा कोपरा चघळला.

पाटी पुसून माशीमांनी ती माझ्याकडे सरकवली. “तुमच्याकडे काय काढतात?”

आपल्याकडे सरस्वती दसऱ्याला. पाटीवर एकाचे आकडे ओळीनं मांडायचे, एकाला एक जोडायचा, झाली सरस्वती. वर हळदकुंकू, झेंडू, आपट्याचं पान. शेकडो दसऱ्यांना लाखो पाट्यांवर उमटलेली ही देवी कुणी मूर्तिकारानं घडवली नाही, आणि तिला चेहराही नाही. मी जीभ बाहेर काढून, मन लावून काढली. माशीमांनी चष्मा वर-खाली केला. “एवढे सात कशाला?”

आपला एक आणि बंगाली सात दिसायला जवळजवळ सख्खे भाऊ. मी सांगितलं, हे एक आहेत. त्यांनी मान हलवली, पण डोळे पाटीवरून हलेनात. “सात, सात, सात...” त्या पुटपुटल्या आणि एकदम उठून आईला हाक मारली. “बौमा, तुझं ते न्हाण कधीपर्यंत चालतं?”

आईनं खिळ्यावरचं कालनिर्णय काढून आणलं. माशीमांनी गुलाबी वेष्टणाची जाडजूड पंजिका उघडली. दोन बायका, दोन पंचांगं, मधे तांब्याभर चहा. बोरन्हाणाची मुदत संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत. बोराची बंदी पंचमीच्या पूजेपर्यंत. म्हणजे दोन्ही देशांचे कायदे पाळून मोकळी राहणारी खिंड अवघी दोन दिवसांची. आई म्हणाली, “मग उद्याच करू, षष्ठीला.” माशीमांनी हात जोडले. उद्या शीतल षष्ठी. चूल पेटवायची नाही, आदल्या रात्री शिजवलेलं थंड खायचं, पाट्या-वरवंट्याला पिवळं फडकं पांघरून निजवायचं. वरवंटा निजलेला असताना वरच्या मजल्यावर पोरांनी धुडगूस घालायचा? छे. म्हणून सप्तमी. “तुमच्या सरस्वतीनंच लिहून दिलंय,” पाटीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. आम्ही पुन्हा एकदा ‘ते एक आहेत’ म्हणालो नाही.

दुपारी खिचडी, वांग्याची कापं, लाबडा नावाची पाच-सहा भाज्यांची मिसळण आणि बोरांची चटणी. त्या चटणीवर मुलं ज्या तऱ्हेनं तुटून पडली, ती पाहून उपास बोरांचाच होता हे कळलं. संध्याकाळी माशीमांचा कॉलेजात जाणारा धाकटा लेक तिसऱ्यांदा केस विंचरून बाहेर पडला. मुलींच्या शाळेचं फाटक मुलांना वर्षात त्या एका दिवशी उघडं असतं, दर्शनासाठी. दर्शन कुणाचं, ते विचारायचं नसतं. आई त्याच्या पिवळ्या पंजाबीकडे पाहून हसली आणि म्हणाली, “आज पंढरपुरात विठोबाचंही लग्न आहे.” खरंच असतं. वसंत पंचमीला तिथे विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह लागतो. महाराष्ट्रात ज्या तिथीला देव बोहल्यावर चढतो, त्याच तिथीला बंगालात निम्मी तरुण पिढी त्या दिशेनं पहिलं पाऊल टाकते. तिथीच तशी.

फार पुढे, नोकरीत मी तीन वर्षं नांदेडला होतो. पंचमीच्या सुमाराला निझामाबादकडे जाणाऱ्या गाडीत तीन-चार वर्षांची पोरं कोऱ्या पाट्या छातीशी धरून बसलेली दिसत. सगळी बासरला निघालेली. गोदाकाठच्या ज्ञानसरस्वतीपुढे अक्षराभ्यास करायला. व्यासांनी नदीतली वाळू मुठीमुठीनं आणून ती देवी घडवली म्हणतात. व्यासांची जागा ती वासर, आणि मराठी जिभेवर चढून तिची बासर झाली, असंही सांगतात. मुलाच्या ओठाला देवीच्या अंगावरची हळद लावतात, बुद्धी यावी म्हणून. एकदा मीही त्या गाडीत होतो. समोरच्या बाईनं पुडी सोडली आणि तीन लेकरांना तिखटमीठ लावलेली बोरं वाटली. देवीच्या दारात, पूजेच्या आधी! माझा हात आपोआप पाठीमागे गेला. बाईंना वाटलं, मी संकोचतोय. त्यांनी मलाही चार दिली.

तर सप्तमी. आईनं गच्चीवर गोवरीवर दूध तापवून उतू घालवलं. आपल्या रिवाजानं ते उतू गेलंच पाहिजे, हे माशीमांना पटवायला वेळ लागला, कारण त्या दर वेळी धावत जाऊन फुंकर मारत होत्या. धाकट्याला पुन्हा काळं झबलं, पुन्हा मुकुट. एव्हाना मुकुटाचे आणखी चार दाणे गळले होते, की कुणी खाल्ले होते. आईनं माप माशीमांच्या हातात दिलं. त्यांनी ते असं काही उपडं केलं की धाकट्याचा मुकुटच नाकावर आला. बोरं फरशीवरून टणाटण उड्या मारत पलंगाखाली, कपाटाखाली गेली आणि सात मुलं त्यांच्यामागे. नात सर्वांत पुढे, पदराचा ओचा करून, मनाला कसली टोचणी नसलेल्या माणसासारखी.

एक बोर गडगडत माशीमांच्या पायाशी आलं. त्यांनी वाकून ते उचललं, पदराला पुसलं, इकडेतिकडे पाहून तोंडात टाकलं आणि एक डोळा मिटून घेतला.

“आंबट आहे, बौमा,” त्या म्हणाल्या. “आणखी आठवडाभर थांबायला हवं होतं.”