संचमान्यता

भुसावळहून वरणगावकडे जाताना दीपनगरची धुराडी दिसू लागली की मोटारीतला परगावचा पाहुणा हटकून विचारतो, "हे काय आहे हो?" आणि मी "पॉवर" एवढेच उत्तर देतो, कारण आमच्या खानदेशात या एका शब्दात कोळसा जाळून आणि तापीचे पाणी पाजून तयार केलेली वीज, पंचायत समितीच्या सभापतीचा दरारा आणि लग्नाच्या पंगतीत पहिले पान कोणापुढे मांडावे याचा निवाडा, अशा तीन वस्तू गुण्यागोविंदाने नांदतात, आणि पाहुण्याला त्यांपैकी कोणती अभिप्रेत आहे हे त्याच्या पोशाखावरून ताडावे लागते.

येथल्या विजेचा हिशेब संचांत होतो. पहिला संच ६२.५ मेगावॉटचा, पुढे २१० चे दोन आले, मग ५०० चे दोन, आणि आता ६६० चा एक अवाढव्य संच त्यांच्या पंक्तीला येऊन बसला. शिक्षण खात्याच्या दप्तरातही हाच शब्द वहिवाटीत आहे. तेथे संच म्हणजे एका शाळेला किती शिक्षक लाभावेत याचा आकडा, आणि तो आकडा सरकारदरबारी रुजू होण्याच्या विधीला संचमान्यता असे मंगल नाव आहे. यंत्राचा संच आणि गुरुजींचा संच यांत भेद एवढाच, की यंत्र जुने झाले तर ते मोडीत काढण्यापूर्वी तज्ज्ञांची समिती बसते, अहवाल होतात, वर्षे जातात. गुरुजी मात्र ३० सप्टेंबरच्या पटावर दोन मुले कमी भरली, म्हणजे कोणा दोघांच्या बापांनी कामासाठी सुरतेची वाट धरली, की त्याच शैक्षणिक वर्षात 'अतिरिक्त' ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने तर या शास्त्राला पूर्णत्वास नेले: सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला की त्या वर्गांना शून्य शिक्षक मंजूर. शून्यालाही मंजुरी लागते आणि ती रीतसर सही-शिक्क्यानिशी मिळते, हे ज्या राज्यात घडते त्या राज्याच्या कारभारात शिथिलता आहे असे कोण म्हणेल?

पटाविषयी सरकारला वाटणारा हा संशय अगदीच निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा एकाच मुलाने दोन शाळांत हजेरी लावू नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावण्यात आली, आणि ज्यांच्या नावाने अनुदान, तुकड्या व पदे वर्षानुवर्षे उचलली जात होती असे लक्षावधी विद्यार्थी या भूतलावर नाहीतच असे निष्पन्न झाले. ती शाई निवडणुकीतल्या शाईसारखीच न पुसणारी होती. सहा वर्षांच्या बालकाला लोकशाहीचा तो निळा टिळा मतदानाच्या बारा वर्षे आधीच लागला, आणि पुढल्या पिढीला गणना म्हणजेच शिक्षण हे लवकर उमजले, हा त्या मोहिमेचा मला दिसलेला लाभ.

असो. जुन्या वीज मंडळाचे २००५ साली निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वाटण्या होऊन विभाजन झाले, तेव्हा ही कल्पना शिक्षण खात्यातून उचलली असावी असा मला दाट संशय आला. कारण तेथे ही व्यवस्था फार पूर्वीपासून सुरळीत चालू आहे. हुकमाची निर्मिती मुंबईस मंत्रालयात होते. तो पुण्यास आयुक्तांकडे, तेथून नाशिकला उपसंचालकांकडे, तेथून जळगावी शिक्षणाधिकाऱ्यांकडे, मग गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख असा उतरत उतरत अखेर एखाद्या खेड्यातील मुख्याध्यापकाच्या भ्रमणध्वनीवर येऊन धडकतो. फरक इतकाच, की विजेचा दाब प्रत्येक रोहित्रातून खाली येताना कमी होतो आणि हुकमाचा दाब वाढत जातो. मंत्रालयात जे 'यथावकाश सादर करावे' असते ते नाशिकला 'आठ दिवसांत' होते, जळगावी 'तात्काळ', आणि शाळेपर्यंत पोचता पोचता 'आज दुपारी दोनपर्यंत, अन्यथा वेतन रोखले जाईल' असे त्याचे रूप झालेले असते. वाटेत गळती होते ती फक्त निधीची. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही खाते 'गळती' हाच शब्द योजते, आणि दोन्ही खात्यांचा तो शब्दही एकच असावा हे मला मुळीच अयोग्य वाटत नाही.

मग तो गुरुजी दुपारी दोनपर्यंत करतो तरी काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने त्याला अशैक्षणिक कामातून मुक्त केले आहे. अपवाद केवळ जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका, आणि आपल्या देशात या तिहींपैकी एकही चालू नाही असा महिना पंचांगात सापडत नसल्यामुळे कायद्याचे पालन काटेकोर होते. मतदारयाद्या घरोघर जाऊन तोच दुरुस्त करतो. विधान परिषदेवर शिक्षकांचा म्हणून जो प्रतिनिधी जातो, नाशिक विभागात ज्याच्यासाठी नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार असे पाच जिल्हे ढवळून निघतात, त्याच्या निवडणुकीतही हा मतदानकेंद्राच्या मेजामागे बसू शकतो. मत तेवढे देऊ शकत नाही, कारण राज्यघटनेने तो अधिकार माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच दिला आहे. मुळाक्षरे शिकवणारा शिक्षक या व्याख्येत बसत नाही.

माध्यमिकचा मानकरी तरी सुखी असेल म्हणावे, तर त्याच्या डोक्यावर संस्था असते. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दार उघडले, आणि ज्यांना साखर कारखाना काढणे जमले नव्हते त्यांनाही सम्राटपदाची वाट मोकळी झाली. शाळांना २००१ साली 'कायम विनाअनुदानित' अशी पदवी मिळाली. २००९ साली तीतला 'कायम' शब्द काढून टाकला, आणि या मुलखात कायम असे काहीच नसते हे वेदान्ताचे सार सरकारने एका परिपत्रकात सांगून टाकले. त्यानंतर शिक्षक वीस टक्के, चाळीस टक्के अशा हप्त्यांनी मनुष्यत्वाला येऊ लागला. संस्थेत दोन तट पडले म्हणजे पाहावे: दोन अध्यक्ष, दोन शिक्के, धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बाविसाव्या कलमाखाली दोन चेंज रिपोर्ट, आणि एकाच शिपायाला एकाच दिवशी दोन 'कारणे दाखवा' नोटिसा. त्या दोहोंना तो एकच उत्तर देतो, "साहेब, किल्ली दुसऱ्या साहेबांनी नेली."

गेल्या पंधरवड्यात या धुराड्यांच्या टप्प्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत जाण्याचा योग आला. गावाचे नाव सांगून गुरुजींची बदली ओढवून घेण्याची माझी इच्छा नाही. वर्गात भिंतीवर लोकवर्गणीतून घेतलेला भला मोठा टीव्ही होता. त्यावर कोणा माउलीने क्रोशाचे आच्छादन विणून घातले होते. मीटरच्या पेटीत पालीने अंडी घातलेली, तारा तोडलेल्या. बिलासाठी सादिलची रक्कम यायची होती, आणि गुरुजींनी दोनदा पदरचे भरून तिसऱ्यांदा हात जोडले होते. महाराष्ट्रात अशा कितीतरी शाळा 'डिजिटल' झाल्या आणि थकबाकीपायी अंधारात गेल्या, त्यातलीच ही एक. आणि सरकारी शाळेला बराच काळ दुकानाच्या व्यापारी दराने वीज आकारली जात होती हेही ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मी एका पोराला विचारले, "काय रे, हा टीव्ही चालतो का?"

"चालते ना आबा," तो म्हणाला, "साहेब आले का चालते." तपासणीच्या दिवशी समोरच्या किराणा दुकानातून वायर ओढतात, असे त्याने पुढे समजावून सांगितले.

शाळेच्या पटांगणावरून दीपनगरच्या उच्चदाबाच्या तारा जातात. बाहेर आलो तेव्हा रिमझिम सुरू होती आणि त्या तारा अंगावर काटा यावा अशा गुणगुणत होत्या; ती वीज नागपूरला जाते की मुंबईला यावर पोरांचा वाद चालला होता. गावाला वीज देणारा साधा खांब रस्त्याकडेला होता. तेथून शाळेच्या भिंतीपर्यंतचे अंतर मी पावलांनी मोजले. बावीस भरली. सहावी ते आठवीचा पट एकोणीस आहे.