एकात चितपट!

परदेशी खाणं आपल्याकडं येताना आधी कपडे बदलतं. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स दिल्लीत आणि वांद्र्यात उतरलं ते गाईचं नि डुकराचं मांस बाहेर ठेवून आणि बर्गरला थेट ‘महाराजा’ करून. २०१४मध्ये बर्गर किंगनं तर दिल्लीतलं पहिलं दुकान उघडायच्या आधीच ईबेवर व्हॉपर विकले. हे ज्ञान मला मुंबईहून आलेल्या जाहिरात एजन्सीच्या पोरानं दिलं. त्याच्याकडं एका बर्गरवाल्याच्या कोल्हापुरातल्या ओपनिंगचं काम होतं आणि ‘लोकल टच’ देणारा माणूस हवा होता. पेपरात दर रविवारी माझं काहीबाही छापून येतं, एवढ्या पुण्याईवर मी त्याला सापडलो.

दिल्लीचा ‘महाराजा’ ऐकून मला हसू आलं. आमच्याकडं खुद्द शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान आहे! कुस्तीच लावायची ठरली. फ्लेक्सवर फेटा बांधून शड्डू ठोकणारा बर्गर. रिक्षावर भोंगा, मागं हलगी. आणि पत्रकावर माझ्या प्रतिभेचा तुरा: ‘एकात चितपट! नाही झालासा, तर दुसरा आमच्याकडनं फुकट!’

“सर, काय राइम होतंय!” पोरगं म्हणालं. लगेच छापायला पाठवलं. हिशेबाची बाजू दोघांनीही एकमेकांवर सोडली होती.

उद्घाटनाला फीत कापली गेली, कॉलेजच्या पोरांनी सेल्फी काढले. तेवढ्यात सकाळचा व्यायाम आटोपून एक अख्खी तालीम आली. दंगा नाही, आरडाओरडा नाही. वस्तादांनी काउंटरवर पत्रक पसरलं, हातानं सारखं केलं आणि ‘नाही झालासा’ या शब्दांखाली बोट ठेवून म्हणाले, “पोरी, हे खरं न्हवं?” पोरगी कंपनीनं शिकवलेलं हसली आणि हो म्हणाली.

प्रत्येकानं रोख पैसे मोजून एकेक घेतला. त्या तळहातांवर बर्गर पेढ्याएवढा दिसत होता. दोन घास. मग सगळे पुन्हा शिस्तीत रांगेत.

“न्हाई झालो, ताई.”

दुसरा आला, गेला. पुन्हा रांग. पुन्हा तेच, तितक्याच अदबीनं. दुसऱ्यानंतर थांबायचं, असं मी कुठंच लिहिलं नव्हतं. दुपारच्या आत पाव संपले. एजन्सीचं पोरगं फोन कानाला लावून जे बाहेर गेलं, ते बहुधा थेट मुंबईलाच. मॅनेजर घाम पुसत पत्रकाचा कर्ता शोधत होता आणि मी फुग्यांच्या कमानीमागं, जमेल तेवढं अंग चोरून, उभा होतो.

वस्तादांनी मला तिथंच गाठलं. पाठीवर अशी थाप मारली की दोन फुगे फुटले आणि मॅनेजरची मान वळली.

“मास्तर, हे तुम्हीच लिवलंय म्हणं? झ्याक लिवलंय!” इतक्या वर्षांत वाचकाची पहिली दाद, तीही मॅनेजरच्या देखत. “पोरांचा नाष्टा झाला. आता जेवायला कुठं न्यायचं ठरवलंयसा?”