इथे एक वाडा होता

पुण्याच्या पेठा वाटाड्याशिवाय, आपले आपण, पायी पाहायची सध्या टूम निघाली आहे. हातात मोबाइलवरचा नकाशा, पाठीला पाण्याची बाटली, पायात मॅरेथॉनचे बूट आणि चालायचं किती, तर शनिवारवाडा ते मंडई. एरवी एवढं अंतर रिक्षावालाही ‘जवळच आहे’ म्हणून नाकारतो.

वाटाड्या नको, हे एका परीनं बरंच आहे. तो घेतला तरी त्याचं दुसरं वाक्य पुरं होण्याआधी शेजारच्या ओट्यावरून ‘चूक!’ असा आवाज येतो, आणि पुढचा अर्धा तास आपण दोन्ही पक्षांचं ऐकत उन्हात उभे राहतो.

मात्र एकटे निघणार असाल तर एक गोष्ट मनाशी पक्की करा. पुण्यात जे पाहायला जायचं, ते बहुधा तिथे नसतं.

सुरुवात अर्थात शनिवारवाड्यापासून. पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत १७३२ मध्ये झाली आणि खर्च आला १६,११० रुपये. आज एवढ्यात त्याच पेठेत एका खोलीचं डिपॉझिटही भागत नाही. १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. तिकीट मात्र शाबूत आहे. परगावचा पाहुणा ते काढून आत जातो, हिरवळीवर उभा राहतो आणि विचारतो, “वाडा कुठाय?” अहो, तुम्ही दिवाणखान्यातच उभे आहात, हे त्याला पटवून देताना घसा कोरडा पडतो. नारायणराव पेशव्याचा खून इथलाच, ३० ऑगस्ट १७७३ चा. पौर्णिमेच्या रात्री त्याची हाक अजून ऐकू येते म्हणतात. बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकले की त्या आत्म्याच्या फुप्फुसांचं कौतुक वाटतं.

शेजारी लाल महाल. शिवरायांचं बालपण या जागेवर गेलं, १६६३ मध्ये शाहिस्तेखानाची बोटं इथेच तुटली. जागा खरी, इतिहास खरा, इमारत तेवढी महापालिकेनं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली. खान ज्या खिडकीतून पळाला ती दाखवाच, असा हट्ट धरणारी मुलं इथे हमखास भेटतात. आईबाप एखादी बऱ्यापैकी खिडकी निवडून दाखवतात.

तिथून बुधवार चौकाकडे निघा. बुधवारवाडा १८७९ च्या आगीत गेला, वार तेवढा उरला. पुढे दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडेवाडा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. वर्षानुवर्षं वाड्याचं काय करायचं यावर कोर्टकज्जे चालले, तेवढ्या अवधीत वाड्यानं मोडकळीला येऊन स्वतःपुरता निकाल देऊन टाकला. अखेर न्यायालयाचाही निकाल लागला आणि डिसेंबर २०२३ मध्ये स्मारक उभारण्यासाठी वाडा पाडला. वारसा जतन करण्याची आमची रीत अशी आहे: आधी पडू द्यायचं, मग पाडायचं, मग त्याच जागी मूळच्यासारखं बांधायचं आणि उद्‌घाटनाला कोणाला बोलवायचं यावर भांडायचं.

विश्रामबागवाडा तेवढा या पंथातला नाही. त्यालाही १८७९ ची झळ लागली, पण कोरीव लाकडी सज्जा घेऊन तो आजही रस्त्यावर उभा आहे. हा दुसऱ्या बाजीरावाचा. ज्या पहिल्या बाजीरावानं राज्य कमावलं त्याचा शनिवारवाडा गेला, ज्यानं घालवलं त्याचा राहिला. इतिहासाच्या गुरुजींनी हे मुलांना कसं समजावून सांगावं, मला कळत नाही.

वास्तू गेल्या, तरी नावं गेली नाहीत. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती. मोबाइलमधली बाई निर्विकार आवाजात ‘खुन्या मुरलीधर’पाशी डावीकडे वळायला सांगते, तेव्हा बाहेरगावचा माणूस उजवीकडे वळतो.

आता खुद्द चालण्याबद्दल. फुटपाथ आहे. त्यावर आधी दुचाकी, मग पोशाख घातलेला प्लास्टिकचा पुतळा, मग विजेची डीपी, मग मांडवाचा खांब, आणि या सगळ्यांचं मन राखून जागा उरलीच तर आपण. महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. ते कागदावर अत्यंत सपाट आणि विनाअडथळा आहे. शिवाय २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन साजरा होतो: लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद, रांगोळ्या, गाणी, पुढाऱ्यांचे चालतानाचे फोटो. आपल्याकडे मेलेल्यांना वर्षाकाठी पंधरवडा मिळतो, चालणाऱ्यांना एक दिवस. पेठेतला रस्ता रोज ओलांडणारा माणूस या दोन याद्यांच्या मधे कुठेतरी असतो, हे लक्षात घेतलं तर हिशेब अगदीच चुकीचा नाही.

मंडईला पोचलात की भाजी घेण्याआधी जरा मान वर करा. अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी इमारत १८८६ ची, मुंबईच्या गव्हर्नराच्या नावानं ‘रे मार्केट’. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी या बांधकामावरच्या खर्चाला विरोध केला होता. पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. नगरपालिकेनं त्यांचं ऐकलं नाही, पण पुढे त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं. विरोधकाचं तोंड बंद करण्याची याहून सभ्य तऱ्हा जगात कोणत्या नगरपालिकेला सुचली असेल असं वाटत नाही. तिकडे त्यांची शाळा पडत होती आणि इकडे त्यांच्या नावानं कोथिंबीर विकली जात होती.

बहुतेकांची फेरी इथे संपते. मिसळ खातात, फोटो टाकतात, ‘पुणे पाहिलं’ म्हणतात.

तुम्ही मात्र एक करा. उलटं फिरून सोमवार पेठेत, नागझरीच्या काठच्या त्रिशुंड गणपतीला जा. अठराव्या शतकातलं अख्खं काळ्या दगडातलं देऊळ, मूर्तीला तीन सोंडा, आसन मोराचं. दरवाजाच्या बाजूला भिंतीवर बघा: गोरे शिपाई गेंड्याला साखळदंडानं बांधताहेत. इंग्रजांनी बंगाल गिळला त्याची ती खूण, असं जाणकार सांगतात. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण १८१७ मध्ये चढलं. म्हणजे पुण्याला पूर्वसूचना दगडात कोरून, चांगली ठळक, पन्नासएक वर्षं आधी मिळाली होती. पण ती सोमवार पेठेत होती आणि सत्ता शनिवारात.

हे देऊळ जळलं नाही, पडलं नाही, पाडून पुन्हा बांधलं नाही. म्हणूनच बहुधा तिकडे गर्दी नसते. कमला नेहरू रुग्णालयापासून जवळ आहे, कोणीही सांगेल. गाडी आणू नका, लावायला जागा नाही.